बैठकीला कोण नव्हतं?

रामकुंडात स्नानापुरतं पाणी हवं असेल, तर गंगापूर धरणातून ते जलसंपदा विभागाने सोडायचं. घाट स्वच्छ ठेवायचे महापालिकेने. घाटावर एका वेळी किती माणसं जाऊ द्यायची, हे शहर पोलिसांनी बघायचं. पण ती माणसं येतात रेल्वेने, एसटीने आणि ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतल्या वाहनतळांवरून. विजेचे खांब महावितरणचे, रुग्णवाहिका आरोग्य विभागाच्या, तात्पुरते पूल आणि रस्ते सार्वजनिक बांधकामचे, तंबूंची जागा जिल्हाधिकाऱ्यांनी मिळवून द्यायची आणि मिरवणुकीचा क्रम आखाड्यांनी मान्य करायचा. यांपैकी कोणीही कोणाचा थेट साहेब नाही. प्रत्येकाची फाइल वेगळी, वरिष्ठ वेगळे, अंदाजपत्रक वेगळं. नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा हा कामाच्या गुंतागुंतीचा महाराष्ट्रातला बहुधा सर्वांत मोठा नमुना आहे, आणि ही सगळी गुंतागुंत सोडवायची जागा एकच असते, ती म्हणजे बैठक.

बैठका नाशिकला कमी होतात असं कोणी म्हणणार नाही. कारखाना असो, रुग्णालय असो, पाणी वापर संस्था असो की मंत्रालयातून पडद्यावर होणारा आढावा, कामाचे कितीतरी तास बैठकीत जातात. तरी चूक घडते तेव्हा चौकशीत बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: धोका कोणाला तरी माहीत होता, पण तो माणूस बैठकीला नव्हता. किंवा होता, आणि बोलला नाही. किंवा बोलला, पण त्याचं बोलणं कामाला लावायचा अधिकार तिथे कोणाकडेच नव्हता. गेल्या काही दशकांत नाशिक परिसराने या तिन्ही प्रकारांचे अनुभव घेतले आहेत, आणि त्यांवरची काही उत्तरंही इथल्याच मातीत सापडली आहेत.

२७ ऑगस्ट २००३ हा दिवस जुने नाशिककर विसरलेले नाहीत. सिंहस्थातल्या पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, गर्दीत, सरदार चौकाच्या परिसरातल्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मृत्युमुखी पडले. साधूंची मिरवणूक पुढे जावी म्हणून लोकांना अडथळ्यांमागे थोपवून धरलेलं होतं. चांदीची नाणी उधळली गेली आणि ती उचलायला लोक वाकले, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. नाणी हे निमित्त झालं. खरा प्रश्न रस्त्याच्या रुंदीचा आणि उताराचा होता, आणि तो रस्ता किती अरुंद आहे हे त्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक होतं. हे ज्ञान गुप्त नव्हतं, तांत्रिकही नव्हतं. मिरवणुकीचा मार्ग ठरतो तिथे आखाड्यांची परंपरा बोलते, पोलिसांचा बंदोबस्त बोलतो; गल्लीच्या तोंडाशी रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला तिथे खुर्ची नसते.

२०१५ चा सिंहस्थ त्या आठवणीच्या छायेतच पार पडला. पहिली पर्वणी २९ ऑगस्टला होती. चेंगराचेंगरी होऊ द्यायची नाही या एकाच हेतूने बंदोबस्त इतका कडक केला गेला, की भाविकांना कित्येक किलोमीटर चालावं लागलं, शहरातले लोक घराबाहेर पडले नाहीत, दुकानं बंद राहिली आणि अपेक्षेपेक्षा गर्दी कितीतरी कमी झाली. टीका झाली. दुसरी पर्वणी १३ सप्टेंबरला, म्हणजे फक्त १५ दिवसांनी होती. एवढ्या दिवसांत बंदोबस्ताची फेरआखणी झाली, निर्बंध सैल केले गेले, आणि १३ आणि १८ सप्टेंबरच्या पर्वण्या मोठ्या गर्दीतही सुरळीत पार पडल्या. त्या सिंहस्थातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. सरकारी यंत्रणा १५ दिवसांत स्वतःची योजना बदलू शकते, हे नाशिकने दाखवलं. ते शक्य झालं, कारण पुढच्या स्नानाची तारीख कोणालाही पुढे ढकलता येत नव्हती आणि पहिल्या दिवशी काय चुकलं ते साऱ्या शहराने डोळ्यांनी पाहिलं होतं. एरवी आढावा बैठकीत दोष झाकायला जागा असते. इथे ती नव्हती.

त्याच सिंहस्थात आणखी एक प्रयोग झाला. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम २०१४ पासून सुरू होता. स्थानिक विद्यार्थी, डॉक्टर, अभियंते आणि अधिकारी त्यात एका टेबलाभोवती बसत. त्यातून ‘अशिओटो’ नावाची एक चटई तयार झाली. तिच्यावरून माणूस चालला की दाब मोजला जातो आणि किती पावलं पुढे गेली याचा आकडा नियंत्रण कक्षाला मिळत राहतो. ती बनवणाऱ्यांत शाळकरी मुलगाही होता. आखाड्यांच्या किंवा खात्यांच्या बैठकीत त्याला कोणत्या नात्याने बोलावलं असतं? वेगळं टेबल मांडलं गेलं, म्हणूनच तो आत येऊ शकला.

आता २०२७ च्या सिंहस्थासाठी रचनाच बदलली आहे. १ जून २०२५ रोजी नाशिकमध्ये आखाड्यांच्या प्रतिनिधींसोबत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तारखा जाहीर केल्या: ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं, आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला, तर त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. त्याच वर्षी नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झालं. सगळ्या खात्यांवर एक छत्र असावं ही कल्पना रास्त आहे. पण छत्र आलं की प्रश्न मिटला, असं होत नाही. उत्तर प्रदेशाने प्रयागराजसाठी मेळा प्राधिकरणाचा कायदा २०१७ मध्येच केला होता. तरी २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे मौनी अमावास्येला संगमावर चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यांनुसार ३० जण गेले. संगमाच्या काठावर लोक झोपले आहेत आणि त्यातून दुर्घटना होऊ शकते, हे तिथल्या अधिकाऱ्यांना दिसत होतं. उठा, झोपून राहू नका, अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून होत होती. घटनास्थळी माहिती होती, इशाराही होता. मागून येणारा लोंढा कुठे आणि कोणी थांबवायचा, हे त्या क्षणी जुळलं नाही.

माहिती असूनही ती निर्णयापर्यंत का पोचत नाही, यावर जगभर पुष्कळ काम झालं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही उमेदवारांमधून एक निवडायचा. त्यांच्याबद्दलची काही माहिती गटातल्या सगळ्यांना दिली, आणि काही माहिती एकेकालाच. सगळ्यांचे तुकडे जोडले असते तर योग्य उमेदवार सहज कळला असता. पण गट बोलत राहिले ते सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर. एकट्याकडे असलेला तुकडा एकट्याकडेच राहिला आणि निवड चुकली. कोणत्याही कार्यालयातल्या तासाभराच्या बैठकीत किती मिनिटं सर्वांना ठाऊक असलेलंच पुन्हा सांगण्यात जातात, हे आठवलं तर या प्रयोगाचं महत्त्व कळतं. जे फक्त एकालाच ठाऊक आहे ते बाहेर काढणं, हे बैठकीचं खरं काम आहे. आणि ते आपोआप होत नाही. अध्यक्षाला नाव घेऊन विचारावं लागतं.

विचारूनही उपयोग झाला नाही, असं सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेच्या चॅलेंजर यानाचं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री नासा आणि रॉकेट बनवणारी थायोकोल कंपनी यांच्यात दूरध्वनीवरून बैठक झाली. उद्याची थंडी फार आहे, जोडाच्या जागी लावलेली रबरी कडी या तापमानात नीट बसणार नाही, असं कंपनीच्या अभियंत्यांनी आकडे मांडून सांगितलं. नासाकडून नाराजी आली. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मग आपसात चर्चा करायला वेळ मागून घेतला, आणि त्या चर्चेत एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं. उड्डाणाला होकार गेला. दुसऱ्या दिवशी ७३ व्या सेकंदाला यानाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर गेले. त्या बैठकीला योग्य माणसं हजर होती, योग्य ते बोललीही होती. पण उड्डाण धोक्याचं आहे हे सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर टाकलं गेलं. खरं तर ते सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उड्डाण करू पाहणाऱ्यांची होती. बैठकीत कोणी काय सिद्ध करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर ज्याचा आवाज किंवा हुद्दा मोठा त्याच्या बाजूने निकाल लागतो.

अशा दुर्घटनेचं दुःख नाशिकनेही भोगलं आहे, तेही रुग्णालयात. २१ एप्रिल २०२१, करोनाची दुसरी लाट. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि व्हेंटिलेटरवर किंवा प्राणवायूवर असलेल्या २२ रुग्णांचा जीव त्या दिवशी गेला. टाकी नुकतीच बसवलेली होती. रुग्णालय महापालिकेचं, टाकी ठेकेदाराची, टँकर पुरवठादाराचा, वॉर्डातला प्राणवायू डॉक्टर-परिचारिकांच्या हाती. चार ठिकाणची माणसं आणि मधे एक नळी. दोष कोणाचा, हा चौकशीचा भाग झाला. पण दुर्घटनेने दाखवलेली एक गोष्ट सर्वच गुंतागुंतीच्या कामांना लागू पडते: एकेक विभाग आपापल्या हद्दीत चोख असला, तरी दोन हद्दी जिथे मिळतात ती जागा बहुतेक वेळा कोणाच्याच विषयपत्रिकेवर नसते.

शस्त्रक्रियागृहात यावर एक फार साधा उपाय सापडला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एका पानाची तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि मोठ्याने खात्री करायची. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, रक्त तयार आहे ना. त्या यादीत एक ओळ अशी आहे की प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतरच्या काही अभ्यासांत इतका फरक दिसला नाही, हेही नोंदवायला हवं. जिथे यादीवर नुसत्या खुणा केल्या गेल्या तिथे ती कागदच राहिली. पण नाव सांगण्यामागचं कारण खरं आहे. ज्या परिचारिकेने सुरुवातीला एकदा तोंड उघडलं आहे, तिला पुढे “डॉक्टर, थांबा” म्हणणं सोपं जातं. आपल्याकडे साहेबांसमोर उभं राहून बोलण्याची सवयच नसलेल्या माणसाला तर ते फारच गरजेचं आहे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना एक कोडं पडलं. चांगल्या नेतृत्वाखालच्या तुकड्यांमध्ये चुकांची नोंद जास्त होती. उलगडा असा निघाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. हा मुद्दा नाशिकच्या कारखानदारीला नवा नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत गुणवत्ता मंडळांची चळवळ वर्षानुवर्षं चालत आली आहे. मशिनवरचे कामगार आठवड्यातून एकदा बसतात, स्वतःच एखादी अडचण निवडतात, कारणं शोधतात आणि उपाय करून पाहतात. तिथली खरी परीक्षा एवढीच असते: उपाय सांगणाऱ्या कामगाराला पुढच्या आठवड्यात कोणी विचारतं का, की त्याच्या सूचनेचं काय झालं?

कारखान्यातली सर्वांत महत्त्वाची बैठक मात्र सभागृहात होतच नाही. ती पाळी बदलताना मशिनपाशी, उभ्या उभ्या, पाच-दहा मिनिटांत होते. जाणारा सुपरवायझर येणाऱ्याला सांगतो: तीन नंबरच्या मशिनचं टूल बदललंय, पहिला जॉब मोजून घ्या, कूलंट कमी आहे, मेन्टेनन्सवाल्यांनी पंप उघडलाय, चालू करू नका. हे शेवटचं वाक्य राहून गेलं तर काय होतं, ते ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर जगाने पाहिलं. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्याचा परवाना होता, पण ती बाब रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचली नाही आणि त्यांनी तो पंप सुरू केला. स्फोटांत १६७ जण मेले. पाळी सोपवण्याची वही ही कारखान्यातली सर्वांत मळकी, तेलाचे डाग पडलेली वही असते. व्यवस्थापनाने सर्वांत जास्त जपावी अशीही तीच.

ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात गुंतागुंत आणखी वरच्या पट्टीतली. १९६४ मध्ये मिग विमानांच्या बांधणीसाठी तो उभा राहिला. पुढे सुखोई-३० एमकेआय तिथे बांधली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए या विमानाने ओझरहून पहिलं उड्डाण केलं आणि तेजसची तिसरी उत्पादन साखळी इथे सुरू झाली. बंगळूर आणि नाशिक मिळून वर्षाला २४ विमानं हे उद्दिष्ट आहे. पण तेजसची इंजिनं अमेरिकेतून येतात आणि ती उशिरा आली म्हणून सगळं वेळापत्रक लांबलं. इथे बैठकीची मर्यादा दिसते. जी गोष्ट बैठकीतल्या कोणाच्याच हाती नाही, ती शंभर आढाव्यांनी हलत नाही. तिथे वेळ घालवण्याऐवजी हाती असलेलं काम पुढे कसं न्यायचं, हे ठरवणं हाच शहाणपणा.

नाशिक जिल्ह्याने जगाला दाखवावं असं या विषयातलं सर्वांत मोठं काम मात्र शेतात झालं आहे, पाटाच्या पाण्यावर.

बागलाण भागात मोसम, आरम या नद्यांवर आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकाच प्रकारचं पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची पाळी सगळ्यांना सारखी बसते. गावाने निवडलेली पंचमंडळी निर्णय घ्यायची, पण पाणी त्यांनी वाटायचं नाही. त्यासाठी पाटकरी, त्यांच्यावर हवालदार, आणि पाट फुटू नये म्हणून राखण करणारा जागल्या. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने पाणी घ्यायचं नाही, हा नियम. निर्णय घेणारे, अंमल करणारे आणि लाभ घेणारे वेगळे ठेवले, त्यामुळे रोजची भांडणं बैठकीपर्यंत येतच नसत. पंचांना जमावं लागे ते हंगामाच्या तोंडाशी किंवा पाणी खरोखर अपुरं पडलं तेव्हा.

आधुनिक कालव्यांवर हे सगळं बदललं. कालवा सरकारचा झाला आणि माथ्याचा शेतकरी व टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाचा, शेतकरी असे दोन वर्ग पडले. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचं टेल ओझरकडे. तिथे पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र करून महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी संस्थेने भरायची, वाटप संस्थेने करायचं. मिळालेलं पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत जिरवून विहिरींतही साठवायचं. ज्याला पाणीच मिळत नव्हतं त्याने संघटना सुरू केली, हे इथे लक्षात घ्यायला हवं. माथ्याच्या शेतकऱ्याला बैठकीची गरजच वाटत नव्हती. पुढे सगळ्या कालव्यावर संस्था झाल्या, आणि २००० नंतरच्या दशकात प्रकल्पस्तरीय संस्थेने संपूर्ण वाघाड प्रकल्पाचं पाणी वाटप हाती घेतलं.

या अनुभवाचा वाटा पुढे राज्याच्या कायद्यातही आला. सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात पाणी वापर संस्थेचे संचालक लाभक्षेत्राच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांतून सारख्या संख्येने निवडायची तरतूद आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘सर्वांना सामावून घ्या’ असा उपदेश असतो. इथे उपदेश नाही, खुर्च्यांची मांडणी आहे. टेलच्या शेतकऱ्याला बोलावण्याची कृपा करायची नाही. त्याच्यावाचून संचालक मंडळच पूर्ण होत नाही. सगळ्याच संस्थांचं उत्तम चाललं आहे असं नाही. राज्यात अनेक ठिकाणी संस्था कागदावर राहिल्या, मोजमापाची यंत्रं बिघडली, निवडणुका झाल्या नाहीत. पण जिथे टेलचा माणूस मोजलेल्या पाण्याचा आकडा हातात घेऊन बैठकीला बसतो, तिथे बोलण्याचा सूर वेगळा असतो.

द्राक्षांनी दुसरा धडा दिला. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. वेलीची शेंड्याकडची वाढ रोखायला बागायतदार जे ‘लिहोसिन’ वापरत, त्यातलंच हे रसायन. भारतातल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. म्हणजे फवारणारा शेतकरी, नमुना तपासणारी प्रयोगशाळा आणि निर्यातदार हे तिघंही आपापलं काम नियमाने करत होते, आणि तरीही माल अडकला. नुकसान मोठं झालं. प्रत्येक बागेची नोंद, प्रत्येक फवारणीची तारीख, काढणीआधी किती दिवस थांबायचं याचा हिशेब आणि खोक्यावरच्या आकड्यावरून थेट बागेपर्यंत मागे जाता येणं, यावरचा भर त्यानंतर फार वाढला. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन उभारलेली कंपनी याच सुमारास आकाराला आली. हजारो बागायतदारांचा माल एका नावाने विकायचा तर रोज हजारोंची बैठक घेता येत नाही. तिथे नोंदच बोलते.

मुंबईचे डबेवाले हीच गोष्ट शतकाहून अधिक काळ करत आले आहेत. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डब्यावरच्या खुणेतच कुठून निघाला, कुठल्या स्टेशनवर उतरायचा, कुठल्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचा हे सगळं असतं. वीस-पंचवीस जणांची तुकडी, तिचा मुकादम, आणि कोणी आजारी पडला तर त्याची लाइन सांभाळणारी जास्तीची माणसं. दिवसभरात एक डबा अनेक हातांतून जातो, आणि त्यासाठी एकही बैठक लागत नाही. नवी माणसं वाढवली की काम वेगाने होतं, हा समज फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये संगणकाच्या क्षेत्रात खोडून काढला, कारण माणसांबरोबर आपसातलं बोलणंही वाढतं: ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, ५० जणांत १,२२५. आपल्या कार्यालयांनी व्हॉट्सअॅपवर एकेका विषयाला शंभर-दीडशे जणांचे गट करून ही संख्या घराघरांत नेली आहे. रात्री अकराला आलेला संदेश सूचना आहे, आदेश आहे की नुसती माहिती, हे त्यात कळत नाही. सकाळी “मी ग्रुपवर टाकलं होतं” एवढ्यावर जबाबदारी संपते. जे खुणेने, नोंदीने किंवा ठरलेल्या नियमाने जमतं, त्यासाठी माणसं गोळा करू नयेत. बैठक राखून ठेवावी ती मतभेदासाठी आणि अनपेक्षित अडचणीसाठी.

मतभेदाचं काय करायचं, याचं उत्तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने दिलं आहे. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. पण त्याहून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथला अभ्यासगट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारातून रुजलेल्या या पद्धतीत एखाद्या विषयाचा अभ्यास आणि चर्चा आधी वेगळ्या गटात होते. तिथे निर्णय घ्यायचा नसतो, त्यामुळे कोणाला हरायचं-जिंकायचं नसतं. बाहेरचा जाणकारही येऊन बोलू शकतो. निर्णय मग ग्रामसभा घेते, तिथे फक्त गावकरी. आपल्या बहुतेक सरकारी आणि खासगी बैठकांत हे दोन्ही एकाच तासात उरकायचा प्रयत्न होतो, आणि अभ्यास राहून जातो. महत्त्वाचा विषय सभेच्या शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत मांडला जातो आणि सर्वानुमते मंजूरही होतो. हा प्रकार महापालिकांपासून सोसायट्यांपर्यंत सगळीकडे आहे आणि तो थांबला पाहिजे.

इतिवृत्ताचंही तसंच. आपल्याकडे इतिवृत्त वाचून कायम करण्याची चांगली रीत आहे. पण त्यात ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहिलेलं असतं. कोणी, कोणत्या तारखेपर्यंत आणि झालं नाही तर कोणाला कळवायचं, हे तीन रकाने जोडले तर अर्धं काम होतं. चौथा रकाना विरोधी मताचा हवा. चॅलेंजरच्या अभियंत्यांचं म्हणणं कागदावर त्यांच्या नावाने पुढे गेलं असतं, तर त्यावर कोणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागलं असतं.

हे सगळं आता नाशिकला पुन्हा लागणार आहे, आणि एक इशारा आधीच मिळाला आहे. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली सुमारे १,८०० झाडं काढण्याची नोटीस निघाली आणि शहरभर विरोध उभा राहिला. झाडांची बाजू आणि साधूंच्या निवासाची सोय या दोन्ही गोष्टी नाशिककरांच्याच आहेत. त्या आधी एका टेबलावर आल्या असत्या तर रस्त्यावर समोरासमोर आल्या नसत्या. हरकती मागवणं म्हणजे बैठकीला बोलावणं नव्हे. निर्णय झाल्यावर मागवलेली हरकत लोकांना विरोधकच बनवते.

पहिल्या अमृतस्नानापर्यंत कुंभमेळा प्राधिकरणाच्या आणि खात्यांच्या पुष्कळ बैठका होतील. त्यांत घाटावर पोहणारे जीवरक्षक, पहाटे रामकुंड झाडणारे सफाई कामगार, सरदार चौकातले दुकानदार, एसटीचे वाहतूक नियंत्रक आणि रुग्णालयातल्या पाळीच्या परिचारिका यांना नावानिशी जागा द्यावी, त्यांचं म्हणणं इतिवृत्तात त्यांच्या नावाने लिहावं आणि ती इतिवृत्तं नाशिककरांसाठी खुली करावीत. प्रत्येक पर्वणीनंतर काय चुकलं आणि काय बदललं, हेही त्यांत यावं. २०१५ ला नाशिकने १५ दिवसांत योजना बदलून दाखवली होती. २०२७ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या स्नानाच्या मधे नाशिकला मिळणार आहेत ११ दिवस.